हेडसर : तुमच्या आठवणी लिहा

आमचे हेडसर पंचाहत्तरीचे झाले. सत्कार म्हटलं की हात जोडतात, म्हणून हा धागा. ५८व्या वर्षी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, तेव्हापासून खांद्यावर तीच कापडी पिशवी: शाईचा पॅड, डिंक, टाचण्या, कोऱ्या अर्जांची चळत. बीड जिल्ह्यातल्या आमच्या पट्ट्यात ज्याला ज्याला ती पिशवी उपयोगी पडली, त्यानं लिहावं.

ऊसतोड कामगाराची मुलगी
दिवाळी झाली की आई-दादांचा (वडलांना आम्ही दादा म्हणतो) कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडी, कारखान्यावर जायचा, मागोमाग आम्ही भावंडं. त्या वर्षी ट्रॅक्टर भरला, चूल-भांडी वर चढली आणि सर आले. दादांना म्हणाले, "मुकादमाकडून आगाऊ उचल तू घेतलीस, पोरीनं नाही. तिला खाली उतरव." मुकादम हसला. मी आजीकडं राहिले. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठी गावात चालणाऱ्या हंगामी वसतिगृहाच्या यादीत माझं नाव होतं, तिथंच दोन्ही वेळा जेवायचे. ही यादी माणसं गाव सोडायच्या आत व्हावी लागते. सर दसऱ्यापासूनच शाळेच्या मागे लागत. दादा चैत्रात परतले तेव्हा माझी सहावीची परीक्षा तोंडावर होती.

सून
नववीत लग्न झालं, शाळा सुटली. सर घरी आले, सासऱ्यांशी तासभर कापसाच्या भावावर बोलले आणि उठता उठता म्हणाले, "सुनबाईंचा शाळा सोडल्याचा दाखला काढून ठेवा, १७ नंबरचा फॉर्म भरू." बाहेरून दहावी झाले. गणितात काठावर, पण झाले! आज बचत गटाचं दप्तर माझ्याकडं आहे.

जुना सहकारी
देव करू नका त्यांना. शाळेत असताना छडी चालायची आणि शिक्षकांनाही सगळ्यांसमोर झापायचे. आजही अर्ज खाडाखोड करून नेला तर फाडतात. मात्र नवा स्वतः लिहून देतात, हेही खरं.

पुण्यात नोकरीला असलेला
मावशी विधवा, मूलबाळ नाही. संजय गांधी निराधार योजनेच्या सरकारी मदतीचा अर्ज तीनदा परत आला, दर वेळी नवीन त्रुटी. सरांनी २१ हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, रहिवासी सगळं ओळीनं लावलं आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही. आता महिना १५०० येतात. मी पैसे पाठवत होतोच. पण हे तिचे स्वतःचे, त्यामुळं ती ते खर्चही करते.

दुकानदार
वडील रात्री गेले. सरांनी आल्या आल्या पंखा बंद केला, डोक्याखाली उशी सरकवली, पापण्या मिटून ओला कापूस ठेवला. सहा तासांच्या आत नेत्रदान व्हावं लागतं, हे तेव्हा कळलं. आजी म्हणाली, पुढच्या जन्मी आंधळा जन्मेल. सर तिच्याजवळ खाली बसले. वाद घातला नाही, डॉक्टर येईपर्यंत वडलांच्या लहानपणाविषयी विचारत राहिले. शेवटी तीच म्हणाली, घ्या.

नवीन वाचक
भावजयीचा १७ नंबर भरायचाय. सर कुठं भेटतील?

धागाकर्ता
सकाळी दहाला, तहसीलसमोरच्या चहाच्या टपरीवर. झेरॉक्सचे दोन संच न्या आणि खाडाखोड नको.