मदत हवी आहे: चिमणीतून सतत चिरचिर, बाळ झोपत नाही

ओसरी: चार दिवस झाले, चिमणीतून कर्कश चिरचिर चालू आहे. मधेच ढग गडगडल्यासारखा आवाज घुमतो. सात महिन्यांची लेक दचकून उठते. सफाईवाला म्हणतो, आत्ता हात लावणार नाही. पक्षी बाहेर कसे काढायचे? लवकर सांगा प्लीज.

जिरेफोडणी: डक्टच्या तोंडाला जाळी लावून घ्या. आमच्याकडे ठाण्यात साळुंकीने घरटं केलं होतं. ऑटोक्लीन आहे का?

ओसरी: अहो, स्वयंपाकघरातली नाही, फायरप्लेसची! अमेरिकेत, ओहायोत राहतो.

बाबुराव_७२: कागद पेटवून धूर करा. दहा मिनिटांत पसार.

रानवाट: धूर अजिबात करू नका! ती चिरचिर पिल्लांची आहे, त्यांना उडता येत नाही, आतच मरतील. शिवाय स्थलांतरित पक्ष्यांच्या १९१८ च्या कायद्यानुसार अंडी-पिल्लं असलेलं घरटं काढणं तिथे गुन्हा आहे. चिमणी विटांची की पत्र्याची? डॅम्पर बंद आहे का?

बाबुराव_७२: आधी बाळ की आधी पक्षी?

ओसरी: विटांची. डॅम्पर म्हणजे? काल खाली बारीक काड्यांचा तुकडा पडला, डिंकाने चिकटवल्यासारखा चकचकीत.

रानवाट: तो डिंक म्हणजे त्यांची लाळ. हा चिमनी स्विफ्ट, आपल्या पाकोळीचा भाऊबंद. उडता उडता वाळक्या काड्या मोडून आणतो आणि भिंतीला चिकटवतो. पूर्वी पोकळ झाडांत राहायचा. हिवाळ्यात थेट अमेझॉनच्या खोऱ्यात जातो. पिल्लं साधारण महिन्याची झाली की उडतात आणि सगळ्यात जास्त ओरडतात ती शेवटच्या दोनेक आठवड्यांत, म्हणजे तुमचे थोडेच दिवस उरलेत. गडगडाट आई-बापांच्या पंखांचा. डॅम्पर म्हणजे शेगडीच्या वरची लोखंडी झडप. ती लावा, खालून फोम कोंबा.

सागरतीर: वेंगुर्ल्याच्या खडकांवरच्या पाकोळ्याही लाळेचीच घरटी करतात. चोरून विकायचे लोक.

रानवाट: हो, पण ती जात वेगळी, गुहेत राहणारी.

ओसरी: झडप अर्धी उघडीच होती! लावण्याआधी फोन आत धरून फोटो काढला. चार पिल्लं विटांना नखांनी लटकलेली, एकमेकांना खेटून. लावल्यावर आवाज निम्मा झाला, लेक दुपारी दोन तास झोपली. एखादं खाली पडलं तर?

रानवाट: हलक्या हाताने उचलून झडपेच्या वर खरखरीत विटेवर उभं लटकवा. नखं रुतली की हात काढा. फांदीवर ठेवू नका, त्यांना बसता येत नाही.