मदत हवी आहे: ट्रकसाठी ऑइल फिल्टर कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. मागच्या सर्व्हिसिंगला काढलेला ऑइल फिल्टर मी कापून बघितला आणि पोटात गोळाच आला. आतल्या कागदाच्या घड्या एकमेकींना चिकटलेल्या, टोकाच्या चकतीपाशी कागद सुटलेला. म्हणजे तेल न गाळताच इंजिनात जात होतं! इंजिन बंद असताना तेल फिल्टरमध्येच अडवून ठेवणारा रबरी व्हॉल्व्हही कडक झालेला. सकाळी गार इंजिन सुरू केलं की ऑइलचा दिवा चार-पाच सेकंद विझायचा नाही, तो बहुधा यामुळेच. रात्रभरात फिल्टरमधलं तेल खाली उतरत असणार.

आता साध्या कागदाचा घ्यावा की सिंथेटिक, म्हणजे कृत्रिम धाग्यांचा? नुसत्या मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग) आकड्यावर माझा विश्वास नाही. 20 मायक्रॉन लिहिलं, पण त्या आकाराचे किती टक्के कण अडतात हेच सांगितलं नाही, तर काय उपयोग? आटे जुळले म्हणून दुसराच बसवला तर बायपास व्हॉल्व्ह (फिल्टर तुंबला की तेल न गाळता पुढे सोडणारा) वेगळ्या दाबाला उघडू शकतो, म्हणून पार्ट नंबर बघूनच घेणार.

जड माल घेऊन धुळीत गाडी चालवणाऱ्यांनी कृपया सांगा: सिंथेटिक फिल्टर लावल्यावर ऑइल बदलायचं अंतर वाढवलंत का? आणि कुणी कापून बघितला असेल तर घड्या कशा निघाल्या?