पिंग जातो, पण फोल्डर उघडत नाही

नॅसला (नेटवर्कवर सगळ्यांच्या फाइल ठेवायचा डबा) पिंग जातोय, म्हणजे ‘आहेस का?’ विचारलं की उत्तर येतं, जुन्या पीसीवर त्यातला फोल्डर उघडतो आणि फक्त नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर अडतो, असं तुम्ही म्हणता. मग राउटर बदलायचा सल्ला ऐकू नका, पैसे वाया जातील. पिंग आला म्हणजे रस्ता मोकळा आहे, एवढंच. फाइल शेअरिंग चालतं पोर्ट ४४५ वर (पोर्ट म्हणजे नेटवर्कचं ठरलेलं दार), तो आधी तपासा.

तोही उघडा असेल तर माझा संशय विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटवर. त्यात प्रो आवृत्तीला एसएमबी सायनिंग (फाइल शेअरिंगच्या प्रत्येक संदेशावर खरेपणाची सही) सक्तीचं झालं आणि पासवर्डशिवायचा गेस्ट प्रवेश बंद. आमच्या नागपूरच्या सीताबर्डीतल्या ऑफिसात नॅस वर्षानुवर्षं गेस्टवरच चालायचा (हो, आळस आमचाच). नॅसवर प्रत्येकाचं युजरनेम-पासवर्ड बनवलं, विंडोज पासवर्ड साठवतं त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधली जुनी नोंद उडवली, दोन मिनिटांत ड्राइव्ह आला. सायनिंग लॅपटॉपवर बंद करू नका. नॅसला सायनिंग जमत नसेल तर त्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा.

आणि एक. मे महिन्यात कूलरच्या लोडने लाइट गेली, परत आली, की आमच्या नॅसचा आयपीच (नेटवर्कवरचा पत्ता) बदलायचा. राउटरमध्ये तो राखीव करून टाका बापा, नाहीतर दर उन्हाळ्यात हेच रडगाणं.