ॲप लिहिण्याआधी आगाऊ रक्कम मागावी का?

मूळ मत
कल्पना सुचताच ॲप लिहायला बसायचे आणि गिऱ्हाईक नंतर शोधायचे, ही पुण्यात रुळत चाललेली रीत मला घातक वाटते. समजा, भोसरीतील जॉबवर्क करणाऱ्या, म्हणजे दुसऱ्या कंपनीने पाठवलेल्या मालावर काम करून देणाऱ्या, कारखान्यांसाठी चलनांची (मालाच्या ने-आणीच्या कागदांची) नोंद ठेवणारे ॲप काढायचे आहे. मालकाला "हे वापराल का?" असे विचारले, तर तो चहा मागवून "कल्पना छान आहे" असेच म्हणणार, कारण दारी आलेल्या होतकरू मुलाला नाउमेद करणे त्याच्या जिवावर येते. त्याऐवजी मागच्या वेळी चलन सापडेना तेव्हा ते कोणी शोधले आणि बिल किती दिवस अडकले, हे विचारावे. तारेला टोचलेली चलने आणि कडा फाटलेले रजिस्टर स्वतः पाहावे. आणि मग थोडी तरी आगाऊ रक्कम मागावी. खिशात हात जात नसेल, तर मागणी नाही असे समजावे.

विरोधी प्रतिसाद
शेवटचे वाक्य मला मान्य नाही. जो मालक मशीन चालवून पाहिल्याशिवाय घेत नाही, तो न पाहिलेल्या ॲपसाठी पैसे देणार नाही, आणि त्या नकारातून गरजेविषयी काहीच कळत नाही. १९७९ साली सोनीने वॉकमन हा सोबत नेता येणारा कॅसेट प्लेअर आणला, तेव्हा ध्वनिमुद्रण न करणारे यंत्र कोण घेईल, अशी शंका कंपनीतच होती; तरी तो खपला.

मूळ लेखकाचे उत्तर
वॉकमन खपला नसता, तरी सोनी तगली असती. नोकरी सोडून बचतीवर जगणाऱ्या दोघांना ती मुभा नाही. अँटिव्हायरस बनवणाऱ्या पुण्याच्याच क्विक हीलकडे पाहावे. नव्वदच्या दशकात कैलाश काटकर यांच्या दुरुस्तीच्या दुकानात व्हायरस लागलेले संगणक येत होते. त्यांचे बंधू संजय यांनी अँटिव्हायरस लिहिला, तो ही अडचण रोज समोर दिसत असताना.

तिसरा प्रतिसाद
पैसे नेमके कोणाकडे मागायचे, हा प्रश्न दोघांनीही सोडला आहे. जीएसटी कायद्याप्रमाणे जॉबवर्कला दिलेला कच्चा माल १ वर्षात परत आला नाही, तर तो पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असे धरले जाते, आणि कराचा बोजा माल पाठवणाऱ्या कंपनीवर येतो, भोसरीच्या कारखानदारावर नव्हे. तेव्हा चौकशी माल पाठवणाऱ्या, समजा चाकणच्या, कंपनीच्या लेखा विभागात व्हायला हवी.

विरोधी प्रतिसाद
हे पटले, पण आगाऊ रकमेचा आग्रह तिथे आणखीच फोल ठरेल, कारण मोठ्या कंपनीत व्हेंडर कोड (पुरवठादार म्हणून नोंदणीचा क्रमांक) मिळाल्याशिवाय एक रुपयाही सुटत नाही. त्यापेक्षा महिनाभर त्यांची चलने आपणच एक्सेलमध्ये जुळवून द्यावीत आणि त्या कामाचे बिल पाठवावे. ते मंजूर झाले, तरच ॲप लिहायला घ्यावे.