'एस्किमो' म्हणणं आता सोडायला हवं का?

शुभदा
मुलांसाठी उत्तर ध्रुवाजवळच्या लोकांवर लेख लिहितेय. पहिल्या खर्ड्यात सगळीकडे 'एस्किमो'च आलं, कारण शाळेत तेच शिकले. मग एका चकतीबद्दल वाचलं आणि हात थांबला.

१९४१ पासून कॅनडा सरकारने या लोकांना ओळखीच्या चकत्या वाटल्या. मोठ्या नाण्याएवढी, भोक पाडलेली; दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची किंवा कपड्याला शिवायची. एका बाजूला राजमुकुट आणि 'एस्किमो आयडेंटिफिकेशन कॅनडा' अशी अक्षरं, दुसऱ्या बाजूला नंबर. आडनावाची रीत नव्हती, नावं साहेबांना लिहिता येईनात, म्हणून माणसाला नंबर. आडनावं नोंदवायची मोहीम निघाली थेट १९६८ मध्ये. ते लोक स्वतःला 'इनुइट' म्हणतात, म्हणजे 'माणसं'. मी लेखात तोच शब्द घालणार आहे. तुमचं मत काय?

जुना वाचक
असहमत. चकती वाईट होती, शब्दाचा काय दोष? आपण जर्मनांना जर्मन म्हणतो, ते स्वतःला 'डॉइचे' म्हणतात. कोणाचं काही बिघडलं? 'कच्चं मांस खाणारे' हा एस्किमोचा अर्थ सगळीकडे सांगतात, तोही पक्का नाही. बर्फावर चालायच्या जाळीदार पादत्राणांशी त्याचा संबंध असावा, असं बरेच भाषातज्ज्ञ मानतात. मराठीत या शब्दात तिरस्काराचा लवलेश नाही. माझ्या पिढीने तो प्रेमानेच उच्चारला.

शुभदा
व्युत्पत्तीचा मुद्दा मान्य, 'कच्चं मांस' मी लेखात घेणार नाही. पण जर्मनांनी 'आम्हाला असं म्हणू नका' असं कधी सांगितलं? यांनी सांगितलंय. १९७७ मध्ये अलास्का, कॅनडा आणि ग्रीनलंडच्या प्रतिनिधींनी एकत्र येऊन आपल्या परिषदेसाठी 'इनुइट' हे नाव घेतलं. कॅनडाच्या १९८२ च्या राज्यघटनेतही तेच आहे. कॅनडातल्या एडमंटन शहराच्या फुटबॉल संघाने 'एस्किमोज' हे नाव सोडावं, असं इनुइटांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्षांनी २०१५ मध्ये जाहीरपणे म्हटलं. संघाने ते सोडलं २०२० मध्ये. पाच वर्षं! आपण प्रेमाने म्हणतो हे खरंय, पण ऐकणाऱ्याला काय ऐकू येतं ते तोच सांगणार ना?

रानवारा
शुभदाताई, भावना पटते, पण सरसकट 'इनुइट' घातलंत तर तीही चूकच. अलास्कातले युपिक लोक इनुइट नाहीत. त्यांची भाषा नात्यातली असली तरी वेगळी. 'एस्किमो' हा दोघांना कवेत घेणारा शब्द होता, म्हणूनच तिथे तो जास्त टिकला. ग्रीनलंडचे बहुतेक लोक स्वतःला 'कलाल्लित' म्हणतात. बाहेरच्यांनी सगळ्यांना एकाच गाठोड्यात बांधलं, मूळ दुखणं तेच. नवं गाठोडं बांधून काय साधणार?

आणि 'इनुइट' अनेकवचन आहे. एक माणूस असेल तर 'इनुक'. हे मराठीत फार कमी जणांना ठाऊक असतं.

जुना वाचक
हेच म्हणतोय मी! तिथल्यांचंच एकमत नाही. 'रेड इंडियन' टाकला ते ठीक, त्यात कातडीचा रंग आहे. पण 'इंडियन'? अमेरिकेतल्या त्यांच्याच कार्यकर्त्यांनी १९६८ मध्ये चळवळ उभी केली ती 'अमेरिकन इंडियन मूव्हमेंट' या नावाने. वॉशिंग्टनला २००४ मध्ये उघडलेल्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या नावातही 'अमेरिकन इंडियन' आहे. मग मराठी लेखकाने कोणाचं ऐकायचं?

शुभदा
ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांचं. त्यांनी 'इंडियन' ठेवला तर तो त्यांचा निर्णय. रानवारा, तुमचा मुद्दा मात्र मनाला लागला. मी खरंच सगळीकडे 'इनुइट' घालून मोकळी होणार होते. आता जागेनुसार लिहीन: कॅनडाच्या बॅफिन बेटावर इनुइट, अलास्काच्या नैर्ऋत्येला युपिक.

जुना वाचक
तसं असेल तर माझा विरोध अर्धा संपला. उरलेला अर्धा असा: जुनी मराठी पुस्तकं मुलांच्या हातात येतच राहणार, त्यात 'एस्किमो' भेटणारच. तो शब्द लेखातून पुसू नका. एकदा तरी येऊ द्या आणि तो का मागे पडला ते तिथेच सांगा.

शुभदा
लेखाची सुरुवात त्या चकतीपासूनच करते. तो शब्द तिच्यावर कोरलेलाच आहे.