मदत हवी आहे: आईची साखर पूर्ण बंद करावी का?

नमस्कार मंडळी, आम्ही नाशिकला पंचवटीत राहतो. आईची केमो चालू आहे. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज अधाशासारखं ओढतात, म्हणून पेट स्कॅनमध्ये (ग्लुकोजसारखा पदार्थ टोचून काढतात तो स्कॅन) गाठ उजळून दिसली. ऑक्सिजन असतानाही त्या ग्लुकोजचं लॅक्टिक आम्ल करून बाहेर टाकतात. गाठीभोवती आम्लता वाढते, पेशीच्या आत मात्र नाही. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात हे मांडलं होतं.

आता मावशी म्हणते, साखर तोडा, आम्लता मारायला रोज खायचा सोडा पाजा. पण रक्ताचा पीएच (आम्लतेचं माप) ७.३५ ते ७.४५ शरीर स्वतःच राखतं ना? आणि गोड बंद केलं तरी यकृत ग्लुकोज बनवतंच. आईनं द्राक्षंसुद्धा सोडलीत, वजन उतरतंय, जीव तुटतो बघून.

केमोच्या रुग्णांचा आहार बघणारे आहारतज्ज्ञ नाशिकमध्ये कुणाला माहीत आहेत का? मावशीला पटेल असं कसं सांगू?