ट्रोंडहाइमला चाललोय, सगळ्या बर्फात चालेल अशी स्की कोणती?

अजिंक्यतारा_पहाटे (सातारा)

नमस्कार मंडळी. ऑगस्टात कंपनी दोन वर्षांसाठी नॉर्वेत, ट्रोंडहाइमला धाडतेय. मी डोंगरात रमणारा माणूस. सकाळी अजिंक्यतारा, रविवारी यवतेश्वरचा घाट पळत, सुट्टी मिळाली की वासोटा. तिकडच्या हिवाळ्यात चार भिंतींत बसणं मला जमायचं नाही. तिथले होणारे सहकारी म्हणतात, स्की घे. पण कुठली? नेटवर बघून डोकं गरगरलं.

पाठीवर सॅक टाकून जंगलातून, उघड्या माळावरून मुक्कामाच्या झोपडीपर्यंत जायचंय. जमलं तर उतारावर मजाही करायचीय. भुसभुशीत, कडक, ओला, कसलाही बर्फ असो, एकाच जोडीत भागलं पाहिजे. फिशरची एस-बाउंड ११२ डोळ्यांत भरलीय, चांगली ऐसपैस रुंद आहे. माझं वजन ७६ किलो, सॅक १०-१२. स्की आजवर पायाला लावलेली नाही. बायको म्हणते, आधी बर्फ तर बघा. जाणकारांनी सांगावं.

विश्रामबागकर (सांगली)

अहो सातारकर, वहिनी बरोबर बोलतायत, तरी उत्तर देते. पीएचडीच्या निमित्ताने ट्रोंडहाइमला राहिले होते. आता सांगलीत पंख्याखाली बसून बर्फावर लिहितेय, हसू नका.

११२ घेऊ नका. ती वाईट नाही, तुमच्या कामाची नाही. तिची मापं ११२-७८-९५ मिलिमीटर: पुढचं टोक, पायाखालची रुंदी, शेपूट. भुसभुशीत बर्फात ती वर तरंगते आणि वळतेही झकास. पण सपाटीवर दिवसभर ते धूड ओढायचं तुम्हालाच. त्यात बूट मऊ असले आणि तिरका उतार कडक गोठलेला असला, की रुंद स्की पायाखाली पिळते आणि कड धरत नाही. नवख्या माणसाला त्या जागी रडू येतं.

खरी गोम वेगळीच आहे. तुम्ही सह्याद्रीवाले, तुमच्या डोक्यात डोंगर म्हणजे लिंगाणा. तो काढा आणि कासचं पठार आणा, त्यावर कमरेएवढा बर्फ आणि वारा. ट्रोंडहाइमहून पूर्वेला स्वीडनच्या हद्दीकडे सिलानचा भाग आहे, तिथे ट्रेकिंग संघटनेच्या म्हणजे डीएनटीच्या झोपड्या आहेत. शिखरं आहेतच, पण झोपडी ते झोपडी वाट त्यांच्यामधून जाते, थोडा चढ, थोडा उतार, मधे लांबच लांब सपाटी. दहा तास चालणाऱ्याला तिथे सरकणारी स्की लागते, उड्या मारणारी नाही. दिवसातला दहावा भाग उतार असेल, तर त्याच्यासाठी बाकीचे नऊ भाग का खराब करायचे?

आता दुकानात जे कुणी बघत नाही ते सांगते: कमान. स्की जमिनीवर ठेवली की मधे उचललेली दिसते. दोन्ही पायांवर सारखा भार असला की मधला भाग बर्फाला जेमतेम टेकतो, म्हणून ती सरकते. एका पायाने रेटा दिला की तोच भाग दबतो आणि पकड मिळते. सगळी गंमत एवढीच. म्हणून स्कीची लांबी उंचीवर नाही, वजनावर ठरवायची, तीही सॅकसकट. दुकानात सपाट फरशीवर दोन्ही स्कीवर उभे राहा आणि कुणाला तरी पायाखालून साधा कागद सरकवायला सांगा. दोन्ही पायांवर उभे असताना कागद सरकला पाहिजे, एका पायावर आलात की अडकला पाहिजे. तेव्हाही सरकत असेल तर स्की तुम्हाला ताठ आहे, चढावर मागे घसराल. दोन्ही वेळी अडकत असेल तर मऊ आहे, सपाटीवर दमवेल. विक्रेता कागद बघून वैतागला तर दुसरं दुकान गाठा.

रुंदीचं म्हणाल तर फिशरची ई-९९ ही ६६-५४-६१, म्हणजे सडपातळ. शहराला लागूनच बीमार्काचं जंगल आहे. ट्राम थेट लियानला कडेपर्यंत नेऊन सोडते. तिथे यंत्राने पाडलेल्या दोन खाचा असतात, त्यांत साधारण ७० मिलिमीटरपर्यंतचं टोक बसतं. ई-९९ बसते, एक्सकर्शन ८८ (८८-६८-७८) बसत नाही, मग खाचेशेजारून जायचं, एवढंच. तुमच्यासाठी मला मधली पटते: टोकाला ८० च्या पुढेमागे, पायाखाली ६० च्या आसपास, दोन्ही कडांना पूर्ण लांबीची पोलादी पट्टी. फिशरची ट्रान्सनॉर्डिक ८२ (८२-६०-७०) किंवा ऑस्नेसची इंगस्टाड याच जातीच्या. पोलादी पट्टी हवीच. नसेल तर पठारावर वाऱ्याने घासून काढलेल्या काचेसारख्या पापुद्र्यावर पाय धरत नाहीत.

पकडीसाठी तळाला मेण लावायचं की तळावर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी कोरलेली, खवलेवाली घ्यायची, हा वाद तिकडे आपल्याकडच्या चहा-कॉफीइतकाच जुना. कोरड्या थंडीत मेणाला तोड नाही. पण मेण बर्फाच्या तापमानाप्रमाणे बदलावं लागतं, आणि ट्रोंडहाइम फियोर्डच्या काठी असल्याने पारा शून्याच्या वरखाली करत राहतो. शून्याला नवा ओला बर्फ पडला की मेण एक तर घसरतं, नाहीतर तळाला गोळे धरतं. मग ट्यूबमधला क्लिस्टर, म्हणजे चिकट मेण, काढायचा, तो बोटांना, बुटांना, सॅकच्या बंदाला, सगळीकडे लागतो. तुम्ही खवलेवालीच घ्या. कडक बर्फावर ती घुर्रर्र आवाज करते आणि थोडी हळू जाते, चालायचंच. सोबत पायाखाली अडकवायची आखूड केसाळ पट्टी ठेवा, लांब चढाला ती लागते. पट्टी अडकवायची खाच स्कीतच असेल तर उत्तम.

आणि सगळ्यात आधी बूट. बूट, मग बाइंडिंग (बूट स्कीला जोडणारा भाग), मग स्की, या क्रमाने दुकानात शिरा.

वाळवेकर_मिनेसोटा

ताईंचं बरंच पटलं, एक सोडून. त्यांनी बाइंडिंगला दोन शब्दांत उरकलं. माझा जीव ७५ मिलिमीटरच्या तीन खिळ्यांवर. ब्रोर विथ नावाच्या नॉर्वेजियनाने १९२७ मध्ये रोटेफेला नावाचं बाइंडिंग काढलं, त्याच घराण्यातलं हे. बुटाच्या पुढच्या चोचीत तीन भोकं, खाली तीन खिळे, वरून कडी. बर्फ भरला तर काठीच्या टोकाने कोरून काढायचा. जंगलात मोडलं तरी तार बांधून घरी येता येतं. नवीन खटक्यांचं तसं नाही.

विश्रामबागकर

वाळवेकर, तारेचा मुद्दा मान्य. पण ट्रोंडहाइमच्या दुकानात आज त्यांना ७५ चे बूट मापात मिळायला शोधत बसावं लागेल. एनएनएन बीसी जातीचं बाइंडिंग सगळीकडे आहे: बुटाच्या तळाला पुढे आडवी सळई, ती बाइंडिंगच्या जबड्यात बसते. लक्षात ठेवा सातारकर, खाचेतल्या साध्या स्कीचं एनएनएन वेगळं, बीसीची सळई जाड, एकाचा बूट दुसऱ्यात बसत नाही. रोटेफेलाचंच नवं एक्सप्लोर आहे, त्यात उताराला जास्त ताबा मिळतो, पण बूटही त्याचेच आणि महाग. पहिल्या हिवाळ्यात बीसी पुरे.

कराडचा_पक्या

मधेच घुसतो. अटल टनेल झाल्यापासून हिवाळ्यात लाहौलला, सिस्सूला जाता येतं. ही असली स्की तिथे चालेल का? मनालीत भाड्याने मिळते ती टाच जखडलेली, बूट तर नुसते लोखंड.

विश्रामबागकर

पक्या, ती उतरायची स्की, चालायची नाही. चंद्रा नदीच्या काठची सपाटी बघता चालायला चालेल. पण दोन्ही अंगाचे उतार उभे आहेत आणि हिमस्खलन खाली सपाटीपर्यंत येतं. ताजा बर्फ पडल्यावर स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

अजिंक्यतारा_पहाटे

लिंगाणा डोक्यातून काढला 😄 आभारी आहे ताई. एक शंका उरली. टाच मोकळी असताना उतारावर थांबायचं कसं? आणि पहिलीच जोडी एवढी महागाची घ्यावी का?

विश्रामबागकर

थांबायचं म्हणजे टोकं जवळ, शेपट्या लांब, गुडघे वाकवून आतल्या कडांवर रेटा, नांगरासारखं. ते जमेपर्यंत बीमार्कातच घसरा, तिथे चार वर्षांची पोरं तुम्हाला मागे टाकतील, मनावर घेऊ नका. तीव्र उतार आला तर स्की काढून चालत उतरा, तिकडे कुणी हसत नाही.

पैशाचं: बुआ नावाची ठिकाणं आहेत, खेळाचं सामान फुकट उसनं देतात. पहिला महिना तिथली स्की वापरा. मग फिन या साइटवर जुन्या जोड्या बघा, वसंतात लोक विकायला काढतात. बूट मात्र नवे, जाड मोजा घालून मापाचे.

झोपड्यांकडे निघण्याआधी वार्सोम या साइटवर हिमस्खलनाचा इशारा रोज बघायचा. ३० अंशांपेक्षा तिरका उतार आणि त्याच्या पायथ्याची जागा, दोन्ही टाळायची. नकाशावर त्या जागा रंगवलेल्या मिळतात. ईस्टरच्या सुमारास बऱ्याच वाटांवर फांद्या रोवून खुणा केलेल्या असतात, पहिली मोठी सफर तेव्हाच करा, दिवसही मोठा असतो. काठ्यांच्या खालच्या टोपल्या मोठ्या घ्या, लहान टोपली भुसभुशीत बर्फात हातभर आत जाते.

वजन सॅकसकट ८८ धरा, दुकानात तेच सांगा.